हरकत पूर्ण सांगा

बाईंकडे सायकल नव्हती. पण सायकलचा पंप होता. दर शनिवारी सकाळी त्या गिरगावहून ट्रामने लालबागला येत, तेव्हा खांद्यावरच्या कापडी पिशवीतून त्या पंपाची लाकडी मूठ बाहेर डोकावत असे. ट्रामचा एक कंडक्टर त्यांना दर वेळी चिडवायचा, "बाई, सायकल कुठं विसरलात?" बाई शांतपणे म्हणायच्या, "सायकल नको मला. खाटकाच्या दुकानापाशी थांबव, म्हणजे झालं." खाटीक त्यांच्यासाठी बोकडाची फुप्फुसं बाजूला काढून ठेवायचा. ती केळीच्या पानात गुंडाळून डब्यात घालायची, डबा पिशवीत पंपाशेजारी ठेवायचा आणि घंटेच्या आधी शाळेत हजर व्हायचं, असा त्यांचा शनिवार. शाळेत त्यांना नाव होतं, आडनाव होतं. पण आम्हा मुलींच्या तोंडी त्या पंपवाल्या बाई होत्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी आठवीत होते. आमच्या शाळेत परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या मुली होत्या, दादरच्या कचेरीत जाणाऱ्यांच्याही होत्या. 'शरीरशास्त्र आणि आरोग्य' हा विषय ऐच्छिक होता. तो घ्यायचा तर पालकांची संमती लागे, आणि पुरेशा मुली झाल्या नाहीत तर वर्गच भरत नसे. त्यामुळे बाईंचं निम्मं काम फळ्यापाशी चाले आणि निम्मं पालकांपाशी.

पंपाचा तास ज्या मुलीने पाहिला ती तो विसरली नसेल. एनॅमलच्या पांढऱ्या ताटात ती फुप्फुसं चपटी, मलूल पडलेली असत. बाई श्वासनळीला पंपाची रबरी नळी सुतळीने बांधत आणि मूठ दाबत. तेलात सोडलेली पुरी फुगावी तसं ते मांस एका बाजूने उठायला लागे, रंग बदले, गुलाबी होई, ताटाच्या काठापर्यंत येई. मुली "ईऽ" करून मागे सरकत आणि लगेच पुन्हा पुढे वाकत. बाई मूठ सोडून देत. ते हळूहळू खाली बसे. मग त्या म्हणत, "आता सगळ्यांनी एक श्वास घ्या. सोडा. झालं. हेच आत्ता तुमच्या आत झालं." आमच्यातली प्रत्येक जण आपल्या छातीकडे बघू लागे, जणू तिथे कुणी नवीन माणूस राहायला आला आहे.

वर्गात कापडावर छापलेला माणसाचा एक तक्ता होता. बाई यायच्या आधी केव्हातरी पालकांनी तक्रार केली, म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी त्याच्यावर बेंबीपासून मांड्यांपर्यंत तपकिरी कागद चिकटवून टाकला होता. पहिल्या वर्षी बाईंनी तो तसाच वापरला. "आतडी इथपर्यंत येतात," त्या पट्टी लावून सांगत, "आणि मग कागदाच्या मागे जातात." सहामाहीला आकृती काढायला आली. एका मुलीने डोकं, हात, फुप्फुसं, जठर सगळं झकास काढलं, मध्ये पट्टीने एक चौकोन आखला, तो तपकिरी रंगवला, आणि इतर अवयवांना बाण काढून नावं दिली तसं त्यालाही दिलं: कागद. बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. शिकवलं तेच तिने काढलं होतं. मग तो पेपर त्यांनी मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि समोर उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी शिपाई गरम पाण्याचं फडकं घेऊन तक्त्याशी झटत होता. कागद निघाला, पण त्याच्याबरोबर खालचा रंगही निघाला. राहिलेली पांढरी जागा बाईंनी स्वतः शाईने भरली. चित्रकला त्यांना येत नव्हती. आमच्या वर्गातल्या माणसाचं मूत्राशय वांग्यासारखं होतं.

मुंबईत हरताळ पडला की बाईंच्या कामाला जोर येई. एरवी गिरणीतला बाप घरी सापडणं कठीण. कुणी पहिल्या पाळीला, कुणी रातपाळी करून झोपलेला. हरताळाच्या दिवशी गिरण्यांचे भोंगे बंद, ट्राम बंद, आणि सगळे बाप चाळीच्या गॅलरीत. रस्त्यावर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" चालू असायचं आणि बाई पायी, डोक्यावर पदर घेऊन, गिरगावहून परळकडे निघालेल्या असायच्या. पोलिसांनी हटकलं तर सांगत, "पालकांना भेटायला चालले आहे." त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कुणाला ते खोटं वाटत नसे, आणि ते खोटं नव्हतंच.

हरकतींबद्दल त्यांचं एक वेगळंच मत होतं. हरकत घेणारा पालक त्यांना आवडायचा. "जो विचारतच नाही त्याचं मला भय वाटतं," त्या म्हणत. "हरकत घेतो तो निदान मुलीचा विचार करतो." घरात गेल्या की त्या आधी बसत, पाणी मागत, घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करत, आणि मग म्हणत, "आता तुमची हरकत पूर्ण सांगा. अर्धी सांगू नका. अर्ध्या हरकतीला पूर्ण उत्तर देता येत नाही." लोक सुरुवातीला अर्धीच सांगत. अभ्यास वाढतो, घरकाम राहतं, डोळे खराब होतात. बाई मान हलवत ऐकत आणि म्हणत, "हं. आणि?" त्या 'आणि'नंतर खरी हरकत बाहेर येई. एकदा एका काकांनी धीर करून सांगितलं, "तुमचं स्वतःचं लग्न झालेलं नाही, आणि तुम्ही पोरींना हे असलं शिकवणार?" बाईंनी हसून विचारलं, "लग्न झालं नाही म्हणजे शरीरही झालं नाही, असं का समजता?" काकांची बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी तोंडात पदर घालून हसली, आणि संमती तिच्याकडूनच आली.

माझी मैत्रीण शालन लालबागला राहायची. मूळची मालवणकडची माणसं. तिची आई दणकट आवाजाची होती. तिने बाईंना दारातच विचारलं, "बाय माझे, ह्या तर आमच्या घराक दर आयतवारी शिजता. ता बघूक शाळेत कित्याक जावक होया?"

"शिजल्यावर तुम्ही बघता," बाई म्हणाल्या. "शिजायच्या आधी ते काय करत होतं, ते आम्ही बघतो. पण तुमची हरकत मटणाला नाही. पूर्ण सांगा."

शालनची आई जरा वेळ पोळपाट पुसत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "चेडवांका सगळाच कळला तर लाज खय रवतली?"

बाई तिच्याजवळ सरकल्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला पहिल्यांदा अडचण आली तेव्हा आधी कुणी काही सांगितलं होतं?"

"कोण सांगतला? माका वाटला, मी आता मरतलंय. गोठ्यात जावन बसलंय, गायीक धरून." ती थांबली. शालन दाराआड उभी होती. आईने मान न वळवता हाक मारली, "शाले, आयकतंस मां सगळा? मगे आता जा. बाय काय शिकवता ता शीक." हे सगळं शालनने मला पुढे कितीतरी वेळा, आईच्या आवाजाची नक्कल करून सांगितलं, पण गायीपाशी आली की ती नक्कल करायची नाही.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे बाईंबद्दलच. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात गाठी उचलायचे. घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा. आमच्या घराने बुद्धाचा धम्म घेऊन फार दिवस झाले नव्हते. कोकणातल्या गावी माझ्या आज्याच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढण्याचं काम होतं. गावात गाय-बैल मेला की बोलावणं येई, आणि जावं लागे. आबांनी लहानपणी दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. धम्म घेतला तेव्हा आमच्या लोकांनी ते काम कायमचं सोडलं. घरात याविषयी बोलणं होत नसे. पण मेलेल्या जनावराचा विषय निघाला की आबा उठून गॅलरीत जायचे, एवढं मला माहीत होतं.

वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "ताट कोण धरेल?" मुली मागे सरकल्या. मी सरकले नाही. बाई म्हणाल्या, "शाबास. ये." त्या दिवसापासून ताट माझ्याकडे आलं. मी वर्गात बोलत नसे, खेळात कुणी मला आपल्या बाजूला घेत नसे. शनिवारचा तो एकच तास असा होता की माझं नाव घेऊन मला पुढे बोलावलं जाई. मी ताट दोन्ही हातांनी उचलून धरायची, मागच्या मुलींना दिसावं म्हणून. माझ्या हाताला कंप सुटू नये म्हणून मी शुक्रवारी रात्री नीट झोपायची.

एका शनिवारी जेवताना मी हे अभिमानाने आबांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"ताट कोण कोण धरतं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"दर वेळी?"

"बाकीच्या मुलींना किळस येते, आबा. मला येत नाही. बाई म्हणतात, मी धीट आहे."

"आणि नंतर ते ताट धुतं कोण?"

"मीच धुते."

आबांनी हात धुतला. ताटात भात तसाच होता. आई म्हणाली, "अवो, पोरगी शाळेचं सांगते, तुमी उठलात काय?" त्यांनी गॅलरीतून एवढंच म्हटलं, "येत्या शनिवारपासून त्या तासाला जायचं नाय." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी रडून मागून घेतलं असतं. मी शनिवारी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले, पुढच्या शनिवारीही राहिले. शालनने बाईंना खरं कारण सांगितलं असावं. कारण त्यानंतर जो पहिला हरताळ पडला त्या दिवशी बाई आमच्या दारात उभ्या होत्या.

गिरगावहून नायगाव म्हणजे बरंच अंतर. चपलांवर धूळ, कपाळावर घाम. आईने घाईने सतरंजी टाकली. बाई खाली बसल्या, नेहमीसारखं पाणी मागितलं आणि सगळं प्यायल्या. आबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "पाणी पिलात, बरं वाटलं. पण माझं भांडण पाण्याचं नाय."

बाईंनी भांडं खाली ठेवलं. मग त्यांनी त्यांचं ते वाक्य म्हटलं. "हरकत पूर्ण सांगा."

"पूर्णच सांगतो. तुमच्या वर्गात पोरी किती हायत?"

"पुष्कळ आहेत."

"त्यातनं ताट धरायला माझीच कशी सापडली?"

"ती धीट आहे म्हणून. मी विचारलं, ती पुढे आली. मी तिची जात विचारली नव्हती."

"तुमी नाय विचारली. मला म्हायती हाय तुमी नाय विचारणार." आबांचा आवाज शांत होता. "पण झालं काय बघा. मेलेल्या जनावराचं काम निघालं, सगळ्या मागं सरल्या, आणि आमची पुढं. सगळ्या बघतात, आमची धरते. सगळ्या घरी जातात, आमची धुते. माझा बाप पण लय धीट होता, बाई. गावातलं कोणच तेवढं धीट नव्हतं."

आईने स्टोव्हवरचं चहाचं आधण उगाच ढवळलं. बाहेर गॅलरीत कुणीतरी कुणालातरी मोर्चाची बातमी सांगत होतं.

"ती धीट हाय, हे खरं," आबा पुढे म्हणाले. "पण बाकीच्या भित्र्या हायत म्हणून हिनं धरायचं? त्यांना धीट करायचं काम कोणाचं? शिकवायला तुमी हाय ना?"

बाईंना उत्तर देताना मी अनेकदा पाहिलं होतं. त्यांचं उत्तर लगेच येई, आणि त्यात थोडी मिश्किलीही असे. त्या दिवशी त्या आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि आबांच्या हातांकडे बघत होत्या. चहा आला. त्यांनी तो हातात धरला. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. मला हे दिसायला हवं होतं. दिसलं नाही."

मला वाटलं, आता त्या विचारतील, मग पाठवता ना तिला? मी त्याचीच वाट पाहत होते. त्यांनी विचारलं नाही. चहा संपवला, आईला नमस्कार केला आणि निघाल्या. माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. मला त्यांचा राग आला. संमती घेतल्याशिवाय बाई कुठल्याच घरातून उठत नाहीत अशी त्यांची ख्याती, आणि माझ्याच घरातून त्या रिकाम्या हाताने उठल्या होत्या. आबा पायात चपला सरकवत म्हणाले, "थांबा. परळला पोयबावडीपर्यंत येतो. रस्त्यात गडबड हाय." ती दोघं बरोबर चालत गेली. वाटेत काय बोलली, ते मला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारचं शालनने सांगितलं. बाईंनी पंप टेबलावर ठेवला, ताट ठेवलं, आणि हजेरीचा पट उघडला. "आजपासून ताट हजेरीच्या क्रमाने. जी धरेल तीच धुवेल." पहिल्या नंबरची मुलगी रडायला लागली. बाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, तिच्या हातांखाली आपले हात धरले, आणि हळूच काढून घेतले. दुसरा नंबर त्यांनी त्याच दिवशी घेतला, तिसराही. शालनच्या मते ताट दोनदा कलंडलं आणि एकदा पडलं. "फुप्फुस खाली पडला, बाईंनी उचलून पुसला आणि परत पंप लावला!" ती मला चाळीच्या जिन्यात सांगत होती आणि हसत होती. वर गॅलरीत आबा पाठमोरे दाढी करत होते. त्यांचा वस्तरा थांबला होता.

त्या आठवड्यात शाळेत हरकतींचा पाऊस पडला. आजवरच्या हरकती बघण्याला होत्या. आता धरण्याला होत्या. ज्या घरांनी वर्षभर चकार शब्द काढला नव्हता तीही उठली. मुख्याध्यापिका बाईंनी तास थांबवला आणि रविवारी सकाळी पालकांची सभा बोलावली. आबांनाही चिठ्ठी आली. ते जातील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल."

सभेत दादरच्या एका कचेरीतले हेडक्लार्क उठले. सज्जन माणूस, बोलणं मऊ. त्यांची सुलभा आमच्या वर्गात होती. आकृत्या सुरेख काढायची. ते म्हणाले, "आमच्या घरात मांस चालत नाही. माझी मुलगी त्याला हात लावणार नाही. विषयाला माझा विरोध नाही. ज्यांच्या घरात चालतं, त्या मुलींनी धरावं. त्यांना सवय असते."

बाई टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोणाला सवय असते असं तुम्हाला वाटतं? पूर्ण सांगा."

हेडक्लार्क खाली बसले. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण दोन-तीन माना आमच्या बाकाकडे वळल्या. मला पायांखालची फरशी दिसत होती.

तेव्हा आबा उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी समोरच्या बाकाची पाठ धरली.

"पहिली हरकत माझी होती," ते म्हणाले. "बाई माझ्या घरी आल्या, मी त्यांना बोललो. त्यानंतर हे सगळं झालं. म्हणून सांगतो. तास बंद करू नका. माझी पोरगी यील. तिच्या नंबराला ताट धरील. आधी नाय, नंतर नाय." मग ते हेडक्लार्ककडे वळले. "तुमच्या मुलीनं मांसाला हात लावायचा नाय, तर नको लावू दे. तुमचा आचार तुमच्यापाशी. तिचा नंबर आला की त्या दिवशी ताट टेबलावर राहू दे. पण तिच्या वाटचं माझ्या पोरीनं धरायचं नाय. एवढंच."

मग मागच्या बाकावरून शालनच्या आईचा आवाज आला, "बरोबर बोललो तो! माझ्या शालूचो नंबर कधी आसा?" लोक हसले, आणि त्या हसण्यात मुख्याध्यापिका बाईंनी पटकन म्हणून घेतलं, "तास चालू राहील."

तास चालू राहिला. काही मुलींच्या नंबराला ताट टेबलावर राहिलं. सुलभाला मात्र वडिलांनी विषयातूनच काढून संस्कृतला घातलं. बाईंना ते शेवटपर्यंत लागून राहिलं. इतर मुलींच्या यशाच्या बातम्या आम्ही त्यांना सांगायचो आणि त्या मध्येच म्हणायच्या, "एक मुलगी माझ्या हातून गेली. आकृती काय काढायची!" त्यांना जिंकल्यासारखं कधी वाटलं नाही.

माझा नंबर शेवटून दुसरा होता, त्यामुळे मला बराच काळ बाकावर बसून बघावं लागलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. माझं एक मानाचं काम गेलं होतं आणि त्याच्या जागी नुसता एक नंबर मिळाला होता. तो आला तेव्हा मी उठले, ताट धरलं, बाईंनी पंप दाबला, मी ताट धुतलं आणि परत जागेवर बसले. बाई "शाबास" म्हणाल्या नाहीत. त्या दिवसापासून खेळात मुली मला आपल्या बाजूला घेऊ लागल्या असं लिहिलं तर ते छान वाटेल. पण तसं झालं नाही. शालनच्या पुढच्या नंबरच्या मुलीने मला हात पुसायला तिचा रुमाल दिला, हे मात्र झालं.

मी पुढे परिचारिकेचं शिक्षण घेतलं, आणि काही वर्षांनी परिचारिकांना शिकवू लागले. आबा बाईंना 'आपल्या बाई' म्हणत. "लय शिकलेला माणूस वाद घालतो," ते म्हणायचे. "आपल्या बाईंनी वाद नाय घातला." आबा गेले तेव्हा बाई आल्या, आईजवळ जमिनीवर बसल्या, आणि दिवसभर बसून राहिल्या.

बाई निवृत्त झाल्या तरी गिरगावात खोताच्या वाडीतल्या त्यांच्या लाकडी घरी माझं जाणं सुटलं नाही. त्या खूप जगल्या. शेवटची काही वर्षं त्यांचा पुतण्या अरुण आणि त्याची बायको मेघा त्यांच्याकडे राहायला आली. दोघंही प्रेमळ, पण आजारपणाला बिचकणारी. बाई अंथरुणाला खिळल्या तशी मी रोज कामावरून परस्पर तिकडे जाऊ लागले. एका संध्याकाळी गेले तर त्यांचं अंथरूण ओलं झालं होतं. अरुण दाराशी उभा होता. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "ताई, बरं झालं आलात. तुम्हीच बघा ना जरा. आम्हाला काही जमत नाही." मी पदर खोचला. माझं ते रोजचं काम, आणि या तर माझ्या बाई.

"थांब," बाई अंथरुणातून म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "ती मला भेटायला आली आहे. तिला खुर्ची दे. मेघा, चहा टाक. अरुण, तू इकडे ये."

मी म्हटलं, "बाई, असू दे हो, मला काय त्यात."

"तुला काही नाही, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू बस."

मी बसले. माणूस असा पडलेला असताना हात मांडीवर ठेवून बसणं मला उभ्या आयुष्यात जमलेलं नव्हतं. अरुण बँकेतला पन्नाशीचा अधिकारी. त्याने त्यांच्या दंडाला धरून ओढायला सुरुवात केली. "दंड नाही," बाई म्हणाल्या. "खांद्याचं चपटं हाड लागतंय का बोटांना? त्याच्याखाली हात घाल. दुसरा कमरेखाली. आता माझ्या श्वासाबरोबर उचल. घाई नको." त्याला पहिल्यांदा जमलं नाही. मी खुर्चीतून उठले तशी त्यांनी बोट वर करून मला बसवलं. दुसऱ्यांदा जमलं. मेघाने चादर ओढून घेतली, नवी घातली. अरुणच्या कपाळावर घाम होता आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

बाई उशीवर टेकल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळ्यांना जमतं गं. सांगत बसावं लागतं."

त्याच आठवड्यात बाई गेल्या. मी पोचले तेव्हा मेघा आतल्या खोलीत त्यांना शेवटची अंघोळ घालत होती. मला कुणी आत बोलावलं नाही. मी दाराबाहेर, इतर बायकांबरोबर उभी राहिले. थोड्या वेळाने ती बाहेर आली, हात ओले, डोळे लाल. माझ्यापाशी येऊन तिने हळूच विचारलं, "ताई, मानेखाली हात धरला होता मी. नीट झालं असेल ना?"

मी म्हटलं, "नीट झालं."